निळा भोपळा

दशरथ भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आला, तेव्हा दारासमोरच्या जागेत वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि त्यावर भोपळा बसवलेला होता. अर्धा निळा झालेला. नात अक्षता समोर मांडी घालून बसली होती आणि दाताखाली जीभ धरून ब्रश फिरवत होती.

तो पायरीवरच थांबला.

"आजोबा, टच नका करू. ओला आहे."

"कुठून काढलास हा?"

उत्तर सुनेने दिलं. दीपाली उंबऱ्यात बसून रंगाच्या ट्यूब उघडत होती. "फ्रिजवरचा घेतला, बाबा. न्यू जर्सीला दर ऑक्टोबरात हॅलोविनला भोपळा रंगवायची ना ही, इथे आल्यापासून डोकं खातेय. आणि आपल्या कोथरूडात सगळे फोडीच विकतात. अख्खा मागितला तर म्हणे बारा किलोचा घ्या. तुमचा मुलगा तर रविवारीही हिंजवडीला. मग म्हटलं, आपणच करू." ती जरा थांबली. "नको होता का घ्यायला? नुसता पडून होता, म्हणून."

"पडूनच होता," दशरथ म्हणाला.

पिशवी भिंतीला टेकवून तो उकिडवा बसला. भोपळ्याची निळी बाजू त्याच्याकडे होती. त्याने मान वाकडी करून मागे पाहिलं. देठापासून चार बोटं खाली ती खूण होती. रंग अजून तिथवर पोचला नव्हता.

हिराला, त्याच्या बायकोला, भोपळा दिसला की नख लावून बघायची सवय होती. कोवळा की जून ते नखाला कळतं, असं म्हणायची. मंडईतले भाजीवाले तिला लांबूनच ओरडायचे, बाई, नख लावू नका, मग गिऱ्हाईक हात लावत नाही. पार्किंगच्या भिंतीवर तिने स्वतः लावलेला वेलही तिने सोडला नाही. हा भोपळा वेलावर असतानाच ती दवाखान्यात गेली, आणि परत आली नाही. वेल वाळल्यावर वॉचमन संपतने भोपळा वर आणून दिला. दशरथने तो फ्रिजवर ठेवला, खूण पुढे येईल असा. सकाळी चहा करताना ती दिसायची. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. विचारलं कुणी नाही, आणि आपण होऊन सांगावं असं त्याला वाटलं नाही.

"मागची बाजू राहू दे की," तो नातीला म्हणाला. "दाराशीच ठेवणार ना? मागून कोण बघतंय?"

"आजोबा, असं अर्धवट नसतं करायचं. आधी पूर्ण बेस द्यायचा. मग डोळे."

वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीताई बाहेर निघाल्या होत्या. साडी सावरत त्या वर्तमानपत्रांच्या कडेकडेने आल्या. "काय दशरथराव, दृष्ट लागली का घराला? मग निळा कशाला? काळा फासायचा आणि दारावर टांगायचा."

"आमच्यात टांगत नाहीत."

"मग काय करतात?"

"रंगवतात."

"छान," म्हणून मंदाकिनीताई खाली गेल्या. दीपालीने तोंडावर हात धरला. दशरथ हसला नाही. त्याचं लक्ष ब्रशकडे होतं.

अक्षताने देठाला धरून भोपळा फिरवला. ब्रश बुडवला, डबीच्या काठावर पुसला, आणि थांबली.

"आई, इथे डॅमेज आहे. बघ."

दीपालीने वाकून पाहिलं. "ओरखडा आहे गं. दोन हात दे, झाकून जाईल."

ब्रश खाली आला आणि दशरथने हात मध्ये घातला. रंग त्याच्या मनगटावर लागला, शर्टाच्या बाहीला लागला.

"आजोबा! काय करताय?"

"ते डॅमेज नाही."

"मग काय आहे?"

हात तसाच मध्ये ठेवून तो बसून राहिला.

"नख आहे," तो म्हणाला. "आजीचं."

दीपालीच्या हातातलं ट्यूबचं झाकण हातातच राहिलं. "बाबा, सांगायचं नाही का?"

त्याने हात मागे घेतला. बाहीवरचा निळा पुसायला गेला तर तो आणखी पसरला.

अक्षताने ब्रश खाली ठेवला. खूण तिच्या करंगळीएवढी लांब होती, पांढरट, जरा वर आलेली, नखासारखीच वाकडी. तिने आपला अंगठा त्यावर ठेवून बघितला. मग आजोबांचा अंगठा ओढून तो ठेवून बघितला. तोही पुरला नाही.

"एवढं मोठं होतं आजीचं नख?"

"नाही," दशरथ म्हणाला. "तेव्हा हा पेरूएवढा होता. हा वाढला, तसं तेही वाढलं."