डावीकडे

सगळ्या गोळ्या पुन्हा लक्ष्याच्या डाव्या कडेला लागल्या, एकमेकींना खेटून.

“हात कापतोय तुझा,” नेमबाजी शिकवणारे उस्ताद म्हणाले. “नापास.”

पोलीस प्रशिक्षणाला आलेल्या हेमांगी धुर्वेच्या अंगाचा तिळपापड झाला. “हात कापला असता तर गोळ्या चहूकडे गेल्या असत्या, उस्ताद. पिस्तूलच डावीकडे मारतंय. तुम्ही मारून बघा.”

उस्तादांना आजवर असं कुणी सुनावलं नव्हतं. त्यांनी पिस्तूल जवळजवळ हिसकावूनच घेतलं, नेम धरला आणि गोळी झाडली. ती डावीकडे लागली. त्यांनी आणखी एक झाडली. तीही तिथंच.

मग त्यांनी पिस्तूल डोळ्यांजवळ नेलं. नेम धरायची मागची खाच जागची सरकली होती.

“बरं, दुसरं पिस्तूल घे,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

हेमांगी हलली नाही. “घेते. पण सकाळी याच पिस्तुलावर तुम्ही नापास केलेल्या दोघी बराकीत बॅगा भरतायत. आधी त्यांना बोलवा.”

उस्तादांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं नजर झुकवली नाही.

शेवटी त्यांनीच मान वळवली आणि जवळ उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारली, “जा रे, त्या दोघींना घेऊन ये.”