उचलीचा नियम

गोपीचंदनं पाचशेच्या सहा नोटा प्रेमानंद सरांच्या टेबलावर आपटल्या तेव्हा नाहिदच्या हातातली बोट अजून पाण्यानं निथळत होती.

शर्यत संपून दोन मिनिटंबी झाली नव्हती. हिंगोलीच्या तलावावर रिमोटच्या बोटींची शर्यत. बारा बोटी, सहा फेऱ्या. हट्टा गावची नाहिद पहिली आली. हळदीच्या आडतवाल्याचा गोपीचंद दुसरा. टाळ्याबी नीट वाजून झाल्या नव्हत्या, अन् हा बाबा म्हणतो, "सर, पोरीची बोट उचलतो मी."

उचलीचा नियम सरांचाच. सर शाळेत सायन्स शिकवतात. हा खेळ गरिबाच्या पोरांनाबी परवडावा म्हणून जीव टाकतात. नियम असा, की बोटीवर तीन हजारांच्या वर खर्च करायचा नाही. अन् तो पाळला जावा म्हणून निकालानंतर दहा मिनिटांत कोणताबी खेळाडू तीन हजार ठेवून पहिल्या तिनातली कोणतीबी बोट उचलू शकतो. मालकाला नाही म्हणता येत नाही. मग महागाची मोटार घालून कोण मरायला बसलंय? कागदावर लई भारी वाटायचं.

पण तीन हजार रोख खिशात घालून तलावावर येतं कोण? दोन वर्षांत कोणीच उचल केली नाही. आज केली ती कोणी, तर ज्याच्या बोटीत बावीस हजारांची मोटार हाय त्यानं! सगळ्यांना ठाऊक. तपासणीत त्याची बोट कोणी उघडतच नाही. मांडव त्याचा, चषक त्याचा, चहाबी त्याचाच. शिसारी येती नुसती.

नाहिदची बोट म्हणजे पाण्याचा पाइप चिरून, गरम करून वाकवलेला. अब्बांच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात बसून मोटारीची तार तिनं स्वतः गुंडाळली. तीनदा जळाली, चौथ्यांदा जमली. सेल मेलेल्या लॅपटॉपचे. चार महिने गेले त्यात. पहिले तिघं येत्या रविवारी नांदेडच्या फायनलला जाणार. बोट नसली की नाव कट.

"काय करणार भाऊ तुम्ही तिचं?" सरांचा आवाज पार बसला होता.

"शोकेसात ठेवू दुकानात. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगू, पायपाची होडी." गोपीचंद हसला. त्याच्यासंगं आलेले चौघंबी हसले. पगारी हसणारे!

"नाहिद, काहून देऊन राहिली? नको देऊ!" चौथा आलेला प्रज्ञेश मधे घुसला. "सर, तुमी तरी बोला की!"

"नियम हाय बाबा." सर खाली बघत म्हणाले. "मीच केलाय."

त्या नियमाचा कागद चुरगाळून तलावात फेकावा वाटला प्रज्ञेशला. पण तलावानं काय पाप केलं होतं?

नाहिदनं ओढणीनं बोट पुसली, पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं अन् बोट टेबलावर ठेवली. गोपीचंदनं दोन बोटांनी नोटा तिच्याकडं सरकवल्या. जनावरापुढं कडबा सरकवावा तशा.

"बराबर. शहाणी पोरगी."

तिनं घेतल्या. मुकाट घेतल्या! प्रज्ञेश बाजूला जाऊन थुंकला. निदान तोंडावर तरी फेकायच्या होत्या. आता त्याला तिचाबी वीट आला.

"सर, दहा मिनिटं झाली का?" नाहिदनं विचारलं.

सरांनी घड्याळ बघितलं. "चार राहिलीत. का गं?"

गोपीचंद पायपाची होडी पिशवीत कोंबत होता. त्याची स्वतःची बोट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडली होती. चकचकीत, झाकण बंद. नाहिदनं त्या सहाच्या सहा नोटा परत सरांपुढं ठेवल्या.

"आता हायेत माझ्यापाशी तीन हजार, सर. ती दुसऱ्या नंबरची बोट द्या."