चौथं नाव

थर्माकोलची अक्षरं पाळण्यावर चिकटवून झाली, तरी कुंडलिकबुवांचं मन भरेना. मांडवाच्या तोंडाशी जाऊन त्यांनी डोळे बारीक केले. ‘मुक्ताई’. इथून वाचता येत होतं. रस्त्याने जाणाऱ्यालाही वाचता यावं, अशी त्यांची इच्छा होती.

“अवो, पाळणा हाय तो. एस्टीचा बोर्ड नाय,” घुगऱ्यांचं पातेलं उतरवता उतरवता त्यांची बायको सकुबाई म्हणाली.

बुवा नुसते हसले. आज त्यांना कुणी काहीही बोललेलं चालणार होतं. आपल्या शेणवे गावात कीर्तन असो की पलीकडच्या गावात, महाराजांच्या मागे टाळ घेऊन बुवा उभे. मुलगा झाला, त्याचं नाव विठ्ठल ठेवलं. विठ्ठलाला मुरबाडकडची वंदना सांगून आली. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव काढायची वेळ आली, तेव्हा बुवा मुलाच्या कानाशी लागले आणि वंदनाची रुक्मिणी झाली. मग नातू झाले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान. थोरल्याला शाळेतली पोरं ‘पेन्शनर’ म्हणत. बुवांना त्याचं काही नव्हतं. आळंदीची भावंडं त्यांच्या अंगणात खेळत होती. एकच जागा रिकामी होती आणि ती साऱ्या गावाला ठाऊक होती. “बुवा, मुक्ताई कधी?” पिठाच्या गिरणीत विचारत, एस्टीत विचारत. सून तेवढी या खेपेलाही देवाकडे मुलगाच मागत होती. तीन मुलांची आई चौथा मुलगा मागते, याची बायकांना गंमत वाटे.

आणि मुलगी झाली. बुवांनी दवाखान्याच्या आवारातच, टाळाशिवाय, वारकऱ्यांची पावली खेळली.

आता मांडव भरला होता. बुवांची लेक अनिता सकाळीच डोळखांबहून, सासरहून आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव सांगताच तिच्या पाठीत धपाटे घालायचे, म्हणून बायका बांगड्या मागे सारून तयारच होत्या. अनिता बाळ-बाळंतिणीला आणायला आत गेली आणि एकटीच बाहेर आली.

“आबा, वहिनी म्हणते, दुसरं कुठलं पण नाव ठेवा. मुक्ता नको.”

मांडवात कुजबुज झाली. “आताच्या पोरींना मोबाइलमधली नावं लागतात गो,” कुणीतरी म्हणालं. बुवांच्या हातातलं पेढ्याचं ताट हातातच राहिलं. तिघांच्या शेजारी दुसरं कुठलं नाव बसणार? इतक्या वर्षांची वाट पाहणं आणि नेमकं दारात येऊन अडणं? ताट सकुबाईकडे देऊन ते आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेले.

सून बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती.

“रुक्मिणी, काय झालं गो बाय? कुणी बोललं काय तुला?”

“नाय आबा. एक विचारू? कीर्तनात मुक्ताई पाळण्यात पडते. त्याच्या पुढं काय होतं?”

बुवांचा चेहरा उजळला. हा तर त्यांचा प्रांत. “पुढं? पुढं लोक त्या घराला छळतात बघ. प्रायश्चित्त घ्या म्हणतात. मग विठ्ठलपंत आन् रुक्मिणी चार लेकरांना मागं ठेवून...”



“पाण्यात जीव देतात,” सून म्हणाली. “दर साली मांडवात बसून ऐकते मी. सगळी लोकं त्या पोरांसाठी रडतात. मी माझं नाव ऐकते. सोपान झाला तवापासून जिवाला धाक हाय, आता एकच ऱ्हायली म्हणून. आबा, मला या चौघांची लगनं बघायची हायेत.”

बुवांनी चौकटीला हात टेकला. कीर्तनातल्या त्या जागेवर तेही दर वेळी रडले होते. टाळ हातात तसेच राहायचे, धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे. आणि घरी येऊन त्याच नावाने हाक मारून चहा मागायचे.

बाळाने आळस दिला. बुवा त्या इवल्या मुठीकडे पाहत राहिले. मग एकदम वळले आणि मांडवाकडे बघत कीर्तनातल्यासारखा आवाज लावला.

“अनिता, पाळण्यापाशी ये. आज दोन नावं ठेवायची हायेत.”

“जुळं हाय काय आबा?” अनिताने विचारलं. बायका हसल्या.

“गोष्टीतली रुक्मिणी पोरांना टाकून गेली. आपल्या घरात त्या नावाचं कुणी नाय.” बुवांनी मागे सुनेकडे हात केला. “आपल्या घरातली कुठं जायाची नाय.”

“आन् मी?” पाण्याचं पिंप उचलता उचलता विठ्ठलने विचारलं.

“तू विटेवरचा. जेवायला उठवायला पण चार माणसं लागतात. तू कुठं जातोस?”

सारा मांडव हसला. आतल्या खोलीतूनही हसू आलं, अर्धं रडण्यातलं. मग पदर सावरत सून बाळाला घेऊन बाहेर आली.

अनिता पाळण्याकडे वळलीच नाही. ती आधी वहिनीच्या कानाशी वाकली, लांबलचक ‘कुर्रर्र’ केलं आणि लग्नाच्या दिवसापासून त्या घरात कुणी न घेतलेलं नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

आणि वंदनाने आपल्या हाताने मुक्ताला पाळण्यात ठेवलं.