तेहतिसावा फोन

"अपूर्णांकाने भागायचं म्हणजे काय करायचं? तर दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि—"

पाच नंबरच्या खाटेवरच्या बाईंच्या मोबाइलमधली पोरं होती तशी गोठली. मग दिसेनाशीच झाली. बाईंचा डावा हात डायलिसिसच्या नळ्यांत अडकलेला. उजव्या हाताने त्यांनी फोन दोनदा झटकला.

"गेलं परत! सातवीचा वर्ग आहे हो माझा. तिकडे आता नुसता धुडगूस चालू असेल."

वायफाय दुरुस्त करायला आलेली मुलगी दाराशी शिडीवर उभी होती. कंपनीत तिला सगळे चिमटा म्हणत. बिघाड एकदा पकडला की सोडायची नाही म्हणून. छताचा वायफायचा पांढरा डबा तिने तपासला. डब्याला काही झालं नव्हतं. खाली उतरून तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि डब्याला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली.

बत्तीस.

"हा डबा एवढेच घेतो," ती खाटेशी आलेल्या सिस्टरना म्हणाली. "तेहतिसाव्याला दार बंद. बाईंचा फोन क्षणभर तुटला, की त्यांची जागा दुसराच पटकावतो. मग यांना आत शिरता येत नाही."

"मग आकडा वाढव ना."

"वाढत नाही. जुनं मॉडेल आहे. बदला म्हणून आम्ही दोन पत्रं पाठवलीत."

"पत्रांचं नंतर बघू." रुग्णालयाचे व्यवस्थापक साहेब मागे येऊन उभे होते. "माझं ऑफिस सकाळपासून खोळंबलंय. पेशंटचे फोन काढून टाक. चार तास नुसतं पडून तर राहायचं असतं. सिनेमे कसले बघायचे!"

बाईंनी मान उचलली आणि पुन्हा उशीवर टेकवली. बाकीच्यांनी आपापले फोन चादरीखाली सरकवले. साहेबांशी वाकडं घेऊन परवा पुन्हा याच खाटेवर यायचं होतं.

चिमट्याने यादी वरपासून मोजली.

"पेशंटचे नऊच आहेत, साहेब. तुमच्या केबिनचे अकरा."

"काय?"

"नावं आहेत ना इथे. दोन फोन, टॅब, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, हवा शुद्ध करायचं यंत्र, पाय चेपायचं यंत्र, माशांच्या टाकीतला दिवा. उरलेले दोन काय आहेत, ते मलाही कळेना."

कोपऱ्यातल्या खाटेवरून कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिथूनच चिमट्याच्या वरिष्ठांना फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि फोन तिच्यापुढे धरला.

"ते सांगतात तसं कर आणि नीघ," पलीकडून आवाज आला. "नाहीतर उद्या कामावर येऊ नकोस."

चिमट्याची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. समोर बाई काळ्या पडद्याकडे बघत पुटपुटत होत्या, "उलटा करायचा आणि गुणायचं. एवढंच राहिलं होतं सांगायचं."

"सर, काम चालू आहे, ठेवते," ती म्हणाली आणि फोन साहेबांच्या हातात परत दिला.

"साहेब, लॅपटॉप, प्रिंटर आणि तुमचा एक फोन ठेवते. कामाला तेवढं पुरतं. आठ बंद करते. पुन्हा जोडायला गेलात तरी जोडले जाणार नाहीत."

"तू मला शिकवतेस? तुझ्या कागदावर सही कोण करतं बघतोच मी!"

चिमट्याने एकेक नाव बंद केलं. दिवा सगळ्यात शेवटी. मग कामाचा कागद काढून लिहिलं : बिघाड – केबिनमधली जास्तीची यंत्रं. उपाय – काढली. कागद पुढे केला. साहेबांनी हात मागे बांधले.

सिस्टरनी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीला टेकवून सही केली, तारीखही घातली.

पाच नंबरच्या खाटेवर तोवर एकदम कलकलाट उठला. "बाई आल्या! बाई आल्या!"

"तू इथून बाहेर पड आधी!" साहेब चिमट्यावर ओरडले.

बाईंनी फोन छातीशी धरला, पोरांना दिसणार नाही असा. त्यांचा आवाज सबंध वॉर्डाला ऐकू गेला.

"साहेब, माझा वर्ग चालू आहे. आरडाओरडा करायचा असेल तर बाहेर जा. आणि जाताना दार ओढून घ्या."