आत : १

मंगळवार असल्यानं सफारी बंद होती. तरी गेटावरच्या कॉम्प्युटरवर जंगलात असलेल्या माणसांचा आकडा दिसत होता, आत : १.

"भाऊ, आज तर कोणीच गेलं नाई. मंग हा एक कोण?" ऑफिसात नव्यानं लागलेल्या रिनानं विचारलं.

"मिथुन. हा प्रोग्राम त्यानंच बनवला. तीन वर्षं झाली त्याले आत गेल्याले," गेट राखणारे देवराव म्हणाले.

"मंग बाहेर आला कधी?"

"आकडा पाहून राह्यली ना तू?"

रिना ऑफिसात जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. मिथुनच्या कोडमधल्या कमेंटचं तेवढं शुद्धलेखन सुधारायचं, असं तिला बजावलेलं होतं. कमेंट माणसांसाठी असतात, मशीन त्या ओलांडून पुढं जातं. त्यामुळं बिघडण्यासारखं काही नव्हतंच.

दुपारी ती शेवटच्या कमेंटवर आली. 'मि येतो. गेट ऊघडा.'

तिनं दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि फाइल सेव्ह केली.

तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा बदलला. आत : ०.

खिडकीबाहेर देवराव उठले. त्यांनी गेटाचा आडवा बांबू वर केला, रिकाम्या रस्त्याकडं पाहून थोडे बाजूला सरले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जाय ऑफिसात. तुह्या खुर्चीवर एक पोरगी बसून आहे, उठव तिले."