कपाळाला हात

गाणं शिकवणाऱ्या बाईंना रागांच्या नावांवर कोट्या करायची खोड होती आणि त्यांच्या शिंपी नवऱ्याला त्या सोसायची सवय. प्रत्येक कोटीवर ते न हसता कपाळाला हात लावत आणि पुन्हा मशीनकडे वळत.

बाईंना घशाच्या ऑपरेशनला आत नेताना डॉक्टर म्हणाले होते, "आवाजाचं आत्ताच काही सांगता येत नाही." मग सगळं कापसासारखं मऊ झालं, आणि त्या कापसात कुणीतरी बोलू लागलं.

"मांजराचं पिल्लू रुसलं, की तो राग पिलू."

ही तर आपलीच कोटी.

"दुसरा कप नको, एवढी काफी आहे."

हीसुद्धा. बाईंना वाटलं, म्हणजे आपणच बोलतोय, आवाज शाबूत आहे. त्या सुखानं तरंगत राहिल्या.

"सकाळी भांडलो की तोडी, रात्री समेट झाला की जोग."

हा आवाज मात्र घोगरा होता आणि मधूनच नाक ओढत होता. बाईंनी डोळे उघडले. खाटेशेजारी नवरोबा बसले होते आणि मान खाली घालून, बाईंच्या इतक्या वर्षांच्या कोट्या एकही न गाळता म्हणत होते. बाई जाग्या झालेल्या पाहून ते गप्प झाले.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "आवाज यायला वेळ लागेल म्हणतात. लागू दे. मी कशाला रागावतोय? मला एक तरी राग येतो का?"

ही कोटी बाईंची नव्हती. त्यांनी सलाईन लावलेला हात सावकाश उचलला आणि कपाळाला लावला.