मागची सीट

लिफ्टवाल्याने बेल दाबली आणि लगेच वाटलं, परत फिरावं. पण खिशात पोरीचा फॉर्म होता. आज पाचला खिडकी बंद होणार, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. बापाची सही तेवढी राहिली होती.

दार सरांच्या बायकोने उघडलं. सरांचा जुना विद्यार्थी, एवढंच तो म्हणाला. बाईंना तेवढ्यानंच बरं वाटलं. हल्ली कुणी फिरकत नाही म्हणाल्या. तो चपला काढेपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, बोलायला गेलं की गाडी अडते. त्याला खोलीत सोडून त्या चहा टाकायला गेल्या.

सर खिडकीपाशी खुर्चीत होते. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने बारा पोरांच्या घशाला कोरड पडायची, त्याच्या हनुवटीखाली आता नॅपकिन बांधलेला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं. डावा हात जरासा उचलला गेला.

बावीस वर्षं झाली होती. तेव्हा तो हवाई दलात शिकाऊ जेटवर होता. ही शेवटची पायरी, ती चढली की लढाऊ विमान. त्या जेटमध्ये शिकणारा पुढे आणि सर मागे. दोघांपुढे एकेक दांडी, आतून जोडलेली; एक हलली की दुसरीही हलते. पुढच्याने मान मोडून घेतली तरी मागचा दिसत नाही. कानात आवाज येतो, तेवढाच काय तो आधार.

त्या दिवशी शेवटची परीक्षा होती. आडवा वारा सुटलेला. धावपट्टी तोंडावर आली आणि विमान झुलायला लागलं. त्याचे हात बर्फ झाले. तो म्हणाला, "सर, तुम्ही घ्या." कानात काहीच नाही. परत म्हणाला. तरी नाही. पुढे हातांनी काय केलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दांडी हलत होती, एवढंच आठवत होतं. चाकं टेकली ती अशी, की झोपलेलं पोर जागं झालं नसतं. बऱ्याच वेळाने कानात आवाज आला, "ब्रेक. हळू."

तो खाली उतरला. सर मात्र तोंडावरचा मास्क न काढता वरच बसून राहिले. आता आपली खैर नाही, हे तो समजला. शेवटी सर उतरले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "लँडिंग मी केलं." कागदावरही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन बस स्टँडवर उभा होता.

मग लिफ्ट दुरुस्तीची नोकरी. अडकलेली माणसं बाहेर काढायची, तारांना ग्रीस लावायचं. मेहुणा दर लग्नात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आमचे दाजी निघाले होते आभाळात, सातव्या मजल्यावर उतरले." सगळ्यांबरोबर हाही हसायचा. करणार काय?

आणि आता पोरगी त्याच वाटेला निघाली होती. डोळे चांगले, मार्क चांगले, हट्ट तर विचारूच नका. काल तिने फॉर्म त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो म्हणाला, आपले हात ऐन वेळी गळतात, ते रक्तातच आहे, दर वेळी मागे कुणी असतं का? तिने पाण्याचा पेला शांतपणे खाली ठेवला.

"तुमचे हात तुमच्यापाशी, बाबा. माझे माझ्यापाशी."

त्याने हात उगारला. मारला नाही, पण उगारला. म्हणून तो इथे आला होता. सर म्हणतील ते शेवटचं.

त्याने स्टूल जवळ ओढलं. बोलायचं बरंच ठरवलं होतं, निघालं थोडं.

"सर, त्या दिवशी माझे हात गळाले. लँडिंग तुम्ही केलंत म्हणून मी जिवंत आहे. आता पोरगी हेच शिकायचं म्हणते. माझंच रक्त. पाठवू का तिला?"

सरांनी मान हलवली. नाही. परत हलवली, जोरजोरात, अख्खी खुर्ची हलली. डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. घशातून घरघर निघाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

इतकं निक्षून 'नाही' सर धावपट्टीवरसुद्धा कधी म्हणाले नव्हते.

"कळलं सर," तो म्हणाला. मनगट सोडवून घेतलं, फॉर्म काढला, आणि त्यांच्यासमोरच त्याचे दोन तुकडे केले, मग चार. सरांचा हात खुर्चीवर थाडथाड आपटायला लागला. त्याने तो उचलून हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला. आता घरी जाऊन पोरीला सांगायला तोंड होतं. मी नाही, सरच नको म्हणाले.

बाई चहा घेऊन आल्या. सरांचं तोंड बघून त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि नॅपकिनने त्यांचे डोळे पुसले.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. विमानाचं निघालं की यांचं असंच होतं. वाचा जायच्या आधी एकदाच बोलले होते माझ्यापाशी. कसलीशी परीक्षा घेताना मागे बसल्या बसल्या यांची शुद्ध गेली, थेट विमान टेकेपर्यंत. पुढच्या पोराने एकट्याने उतरवलं. सांगितलं असतं तर यांचं उडणं कायमचं बंद झालं असतं, म्हणून गप्प बसले. त्या पोराचं नाव मात्र मलाही सांगितलं नाही." त्यांनी कप त्याच्या हातात दिला. "तुमच्याच वेळचा असेल. आता केवढ्या हुद्द्यावर असेल, नाही? कुठे असतो हो तो?"